समुद्राकडची भिंत

“थो मरतच नाई!”

देवाजी दारातूनच ओरडला. अंगावरची घोंगडी काढायचंही त्याला सुचलं नव्हतं. आम्ही बायका आपापल्या चौकटीपुढे तार घेऊन बसलो होतो आणि त्याचीच वाट पाहत होतो, कारण त्याच्या हाकेशिवाय आमचा हात चालत नसे.

“कोण मरत नाई रे?” मोठमायनं विचारलं.

“आसगावचा कवडू बुढा. मंडईतल्या पेटीपुढं कालपासून बसला हाय. धूळ येते, त्याले शोधते, अन् हा मरतच नाई. मांग रांग लागली. लोकं हातघाईवर आले. पेटीवाला गोमाजी दहिवले डोकं धरून बसला.”

“मंग मारा ना त्याले काठीनं,” कुणीतरी म्हणालं, आणि सगळं वेणीघर हसलं.

मोठमाय हसली नाही. तिच्या हातातली तार जागच्या जागी थांबली. ते फक्त मी पाहिलं, कारण तिच्या चौकटीच्या दुसऱ्या अंगाला मी बसत असे.

आता पेट्या घरोघरी आहेत आणि पोरं त्या खिशात घालून फिरतात, म्हणून थोडं सांगायला हवं. मुंबई, दिल्ली आणि आणखी कितीतरी शहरं एका दिवसात जळाली, त्यानंतर सूर्य बरीच वर्षं धुळीमागे राहिला. नागपूर वाचलं, म्हणून आमची पवनी वाचली. यंत्रांच्या पोटात बसणारे जे बारीक तुकडे परदेशातून येत, ते यायचे बंद झाले. तेव्हा नाडकर्णी साहेबांनी यंत्राची आठवण हातानं विणायची युक्ती काढली आणि विणणारे हात शोधत ते वैनगंगेच्या काठी आले. आमच्या कोष्ट्यांच्या घरांत करवती काठाची लुगडी विणलेल्या बायका रिकाम्या बसल्या होत्या. रेशीम नव्हतं, घेणारं कुणी नव्हतं.

साहेबांनी आम्हाला मुगाएवढे पोकळ काळे मणी दिले आणि केसासारखी तांब्याची तार दिली. तार मण्यातून न्यायची किंवा मण्याच्या बाजूनं न्यायची, एवढंच काम. देवाजी भजनातला माणूस, आवाज खडा. तो कागदावरून हाक द्यायचा, “आत, आत, बाहेर, आत, बाहेर, बाहेर.” आम्ही तसं विणायचो. विणून झालं की तारांची जाड वेणी व्हायची. ती पेटीत बसवली की पडद्यावर खेळ उभा राहायचा. एका वेणीत एक खेळ. दुसऱ्या गावाला तोच खेळ हवा असला, तर दुसरी वेणी विणायची. पुढे या धंद्यात नागपूरला मोठमोठे कारखाने उभे राहिले, पण सुरुवात त्या एका पत्र्याच्या वेणीघरात झाली.

आमच्या भागात दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते. जिलेबी, पाळणे, रात्रीचं दंडारीचं नाटक. धुळीच्या वर्षांत ते सगळं बंद पडलं होतं. मग मंडया पुन्हा भरू लागल्या आणि दंडारीच्या मांडवाशेजारी पेटीचा तंबू लागू लागला. साहेबांच्या खेळाला लोक ‘धूळ’ म्हणत. बसलेला माणूस चुलीवरचा चहा उकळेपर्यंत टिकला तर पोरं टाळ्या वाजवत. त्याहून जास्त कुणी कधी टिकलं नव्हतं.

आणि आम्ही विणणाऱ्या बायकांनी तो खेळ पाहिलाच नव्हता. वेणीघरात पडदा नव्हता. पेट्या नागपूरला जोडल्या जात आणि तिथूनच मंडयांना जात, तेव्हा आम्ही पुढच्या वेणीला बसलेल्या असायचो. मी तेव्हा लग्नाच्या वयाची होते, अक्षरओळख नव्हती, आणि दिवसभर माझ्या डोक्यात एकच किडा वळवळायचा, हे आत-बाहेर जाऊन शेवटी दिसतं तरी कसं?

साहेब आपल्या खोलीतून बाहेर आले. उंच, वाकलेले, गळ्याभोवती मफलर.

“आसगावची वेणी कोणाची?” त्यांनी विचारलं.

ती वेणी आमची होती. आणि एक गोष्ट मला माहीत होती, जी त्या घरात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हती. मोठमायला दिसेनासं झालं होतं. मोठमाय म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण, भागरता निपाने. आई धुळीच्या पहिल्या वर्षी खोकून गेली, तेव्हापासून हिनंच मला वाढवलं. घरी ती सुईत दोरा ओठानं चाचपून ओवायची. भाकरी जळली की वासावरून उलटायची. चौकटीवर मात्र तिची बोटं इतकी सफाईनं फिरत की कुणाला संशय येत नसे.

वेणीघराचा नियम नागपूरहून आलेला होता, डोळे गेले की चौकट गेली. तारा कोरड्या राहाव्यात म्हणून त्या घरात दिवसभर शेगड्या पेटत आणि दुपारी तिथंच वरण-भात मिळे. पवनीत दुसरीकडे कुठे ऊब नव्हती. सारजाबाईला आदल्या वर्षी घरी बसवलं होतं. तिनं संक्रांत पाहिली नाही.

“आमची हाय, साहेब,” मोठमाय म्हणाली. “माई अन् अनसूची.”

“मग दोघी चला माझ्याबरोबर.”

देवाजीनं बंडी जुंपली. मोठमाय बसली ती गुडघ्यात मान घालूनच. मला भीती होतीच, पण खरं सांगायचं तर त्या भीतीच्या वर काहीतरी होतं. मी पडदा पाहणार होते.

नाला ओलांडल्यावर मला राहवेना. “साहेब, त्याच्यात असते तरी काय?”

“कशात?”

“आमी विणतो त्याच्यात.”

मोठमायनं मला कोपरानं ढोसलं. साहेब माझ्याकडे वळून पाहू लागले.

“तुम्ही पाहिलाच नाही खेळ?”

“कोणं दाखवला?”

ते म्हणाले, “गल्ल्या असतात. आणि एक ठिपका. ठिपका म्हणजे आपण. एका दारातून निघायचं आणि पळायचं. बंदराच्या बाजूनं धूळ येते.”

“मंग सुटाचं कसं?”

“सुटायचं नाही. किती वेळ टिकतो ते बघायचं.”

“हा कोणता खेळ झाला?”

“अनसे, तोंड आवर,” मोठमाय म्हणाली.

पुढे बसलेला देवाजी बैलांना म्हणाला, “चला रे बापहो, ही पोट्टी आज साहेबाची नोकरी खाते.” साहेबांच्या ओठाचा एक कोपरा हलला.

आसगावची मंडई ऐन भरात होती. ऊन फिकट का होईना, पडलं होतं आणि लोक त्यात अंग शेकत उभे होते. पेटीच्या तंबूपुढे मात्र भांडण जुंपलं होतं. गोमाजी दहिवले साहेबांना पाहून धावतच आला.

“साहेब, तुमीच पाहा. याले उठवतो तर म्हणते, मेल्याबिगर उठाचं नाई असा तुमचाच नियम हाय.”

आत अंधार होता. कवडू बुढा पाटावर मांडी ठोकून बसला होता, दात नाहीत, डोक्याला दुपट्टा, हातात पेटीचे दोन दांडे. त्याच्यापुढे पडदा होता.

मी पहिल्यांदा पाहिलं ते विसरले नाही. पळसाच्या कोवळ्या पानासारखा हिरवा उजेड. त्यात उभ्या-आडव्या रेघा. रेघा म्हणजे भिंती, मधली काळी जागा म्हणजे गल्ल्या. वर अक्षरं होती, ती मला नक्षीच वाटली. वाचायला मी शिकले ते नातवाच्या पाटीवर, फार पुढे. एका गल्लीतून एक ठिपका सरकत होता, आणि उजवीकडून पांढरी झाक एकेक गल्ली पुसत येत होती. मी मनात म्हटलं, ही तर आपली तार. ही प्रत्येक भिंत म्हणजे कुणीतरी म्हटलेलं ‘आत’.

“या साहेब, बसा बाजूले,” कवडू म्हणाला. “तुमचा खेळ चांगला हाय. फक्त धूळ जराशी मतिमंद हाय.”

“कसे वाचता तुम्ही?”

“मी काई केलं नाई. लोकं गल्लीगल्लीतून पळतात. मी म्हटलं, भितीले धक्का मारून पाहाव. समद्या भितीले धक्के मारले. ही इथली लागली हाताले.”

त्यानं ठिपका डावीकडच्या टोकाला नेला. तिथं खेळाची शेवटची भिंत होती, तिच्यापलीकडे समुद्र, असं गोमाजी म्हणाला. धूळ मागे येऊन ठेपली. ठिपका भिंतीत घुसला आणि दिसेनासा झाला. आणि मग तो पार उजवीकडे, बंदराच्या बाजूच्या भिंतीतून, धुळीच्या पाठीमागे बाहेर आला. तंबूतली पोरं “गेलाऽऽ” म्हणून ओरडली. धूळ सगळा पडदा ओलांडून मागे फिरली, तोवर बुढा पुन्हा निवांत दुसऱ्या टोकाला.

“आता हे मरेपर्यंत चालते,” तो म्हणाला. “म्हणजे मी मरेपर्यंत.”

साहेबांनी पेटी बंद करायला लावली. मागचं झाकण उघडून ते बराच वेळ वेणीकडे पाहत राहिले. उठले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

“पेटी सुरू होताना प्रत्येक ओळीतले ‘आत’ जोडीनं मोजते,” ते गोमाजीला म्हणाले. “विणताना एक चूक झाली तर एक सुटा उरतो आणि पेटी उघडतच नाही. त्यासाठीच ती मोजणी ठेवली आहे. इथं एकाच ओळीत दोन चुका आहेत. समुद्राकडच्या भिंतीला एक, आणि बरोब्बर तिच्यासमोर बंदराकडच्या भिंतीला दुसरी. जोडी जुळली, म्हणून मोजणी फसली; आणि एका टोकाबाहेर गेलेला ठिपका पेटी दुसऱ्या टोकानं आत घेते. हे आपोआप होत नाही. कुणीतरी मुद्दाम केलं आहे.”

“मंग द्या पोलिसात!” गोमाजी म्हणाला.

“मुद्दाम केलं, साहेब,” मोठमाय मागून म्हणाली. “पण आधी चुकलं.”

सगळे वळले. ती आवाजाच्या अंदाजानं साहेबांकडे तोंड करून उभी होती.

“तार मण्याच्या बाजूनं गेली. बोटाले समजलं तवा वरून लय तारा गेल्या होत्या. उसवता येत नाई, तार तुटते. मंग दुसऱ्या अंगाले त्याच जागी तसंच चुकवलं.”

“पण का?”

“लुगड्याले असंच करतात ना साहेब. एका काठाले करवतीचा दात चुकला, तर दुसऱ्या काठाले तिथंच तसाच चुकवाचा. एका काठाले दिसते ते खोट. दोनी काठाले दिसलं तर ती नक्षी. घेणारी बाई म्हणते, काय सुंदर नवीन काठ काढला. माया सासूनं मले शिकवलं. कोण्याही कोष्टिणीचा हात असाच जाईन.”

साहेब तिच्याकडे पाहत राहिले. मला वाटलं आता ते हसतील. ते म्हणाले, “आणि पहिली तार कशी चुकली?”

मी मोठमायचं लुगडं मागून ओढलं. तिनं माझा हात झटकला.

“मले दिसत नाई. मागच्या उन्हाळ्यापासून.”

साहेबांनी गोमाजीला चहा सांगितला आणि आम्हाला घेऊन ते तंबूमागे गेले. तिथं लाकडाचे ओंडके पडले होते. त्यांनी मोठमायला हात धरून बसवलं आणि स्वतः समोर बसले. गुळाचा चहा आला. त्यांनी तो नुसता हातात धरला.

“माझी बहीण गिरगावात राहायची,” ते म्हणाले. “ती आणि तिच्या दोन मुली. त्या दिवशी मी कामासाठी नागपूरला होतो. आग बंदरातून गल्लीगल्लीनं वर आली. म्हणजे त्यांच्याकडे थोडा वेळ होता. अगदी थोडा, पण होता. मी तिथे असतो तर त्यांना बाहेर काढलं असतं का, हा प्रश्न माझ्या मानेवर बसला होता. मला जेवता येईना. यंत्र पहिल्यांदा चालू झालं, तेव्हा मी खेळ नव्हता बनवला. मी त्या सगळ्या गल्ल्या आठवून आठवून घातल्या. आग किती वेगानं आली असेल ते घातलं. आणि तिच्या दारातून निघून एकेक वाट चालून पाहिली.”

“मंग?” मी विचारलं.

“एकही सुटत नाही. डावीकडून जा, उजवीकडून जा, कुणाच्या जिन्यावरून पलीकडे उतरा. कुणीही असतं तरी त्यांना काढू शकलं नसतं. ते कळल्यावर मी जेवलो. नंतर कुणीतरी ते पाहिलं आणि त्याला गंमत वाटली. लोकांना तो खेळ वाटला.” त्यांनी तंबूकडे पाहिलं. “आणि आज तिथं बाहेर जायला वाट आहे. वाट नाहीच हे मला माहीत आहे. समुद्रातून कोण कुठं निघणार? पण आता मी ती पाहिली.”

मोठमायनं पेला खाली ठेवला.

“वाट खोटी हाय, साहेब. तार कापून टाका. मले घरी बसवा. नियम हाय तो हाय. पण या पोरीले काढू नका, तिचा हात चांगला हाय अन् तिनं काई केलं नाई.”

“मोठमाय, गप ना व,” मी म्हणाले.

साहेब उठले. “आधी मला एकदा बसू द्या.”

ही बातमी तंबूत आमच्या आधी पोचली. खेळ काढणारा माणूस स्वतः खेळणार! बाहेर रांगेत भांडणारेही आत घुसले. कवडू बुढ्यानं आपला पाट पुसून दिला. मोठमायला मी हाताला धरून पडद्यापाशी आणलं. ती मान तिरकी करून ऐकत राहिली, कारण तिच्यासाठी तिथं फक्त दांड्यांचा खटखट आवाज आणि लोकांचा श्वास होता.

“सांगत जा मले,” ती म्हणाली.

ठिपका एका दारातून निघाला. साहेबांच्या हाताला ती वाट पाठ होती. डावीकडे, मग लगेच उजवीकडे, मग लांब सरळ गल्ली. कुठे अडखळणं नाही की मागे फिरणं नाही. धूळ अजून पार पलीकडे होती आणि ठिपका समुद्राकडच्या भिंतीशी, त्या जागेवर जाऊन उभा राहिला.

“पोचले भितीपाशी,” मी मोठमायला सांगितलं.

“मंग?”

“उभे हायत.”

धूळ अर्ध्या गल्ल्या पुसून आली. साहेबांचे हात दांड्यांवर तसेच होते. “जा ना साहेब!” एक जण म्हणाला. “थोडं वर घ्या, तिथंच हाय,” कवडू म्हणाला. मग सगळा तंबूच ओरडू लागला, “निघा साहेब! निघा!” मीही ओरडले. मला तर वाटत होतं, हे त्या भिंतीतून गेले तर मोठमाय वाचली. गेले नाहीत तर तार कापली गेली आणि मोठमाय घरी बसली.

साहेबांनी दांडा फिरवला. ठिपका हलला, पण भिंतीकडे नाही. तो वळला आणि आला होता त्याच लांब गल्लीनं परत निघाला.

“अरे, उलटे चालले!” कवडू किंचाळला. “साहेब, तिकडं धूळ हाय!”

ठिपका थांबला नाही. सरळ गल्ली, मग डावीकडे, मग उजवीकडे. धूळ समोरून येत होती. ज्या दारातून तो निघाला होता त्या दारात तो शिरला आणि आत थांबला. साहेबांनी दोन्ही दांडे सोडले आणि हात मांडीवर ठेवले. पांढरी झाक आली, दार पुसलं गेलं, पडदा कोरा झाला.

लोक हळहळले, कुणीतरी “आँ?” म्हटलं. साहेब मफलर सारखा करत उठले.

“गोमाजी, ही वेणी पेटीतून काढायची नाही,” ते म्हणाले. “ज्याला बाहेर जायचं असेल त्याला जाऊ द्या. कवडूकाका, तुम्ही मात्र आता उठा. रांगेतल्यांना ती जागा दाखवा.”

“दाखवतो ना! पण माया नंबर पुन्हा केव्हा?”

मग साहेब आमच्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता सांगतील, तार कापली नाही, पण नियम तो नियम. मोठमायनंही तीच तयारी केली असावी. तिनं पदर खोचून घेतला होता.

“भागरताबाई, नागपूरला मी पाहून घेईन. तुम्ही चौकटीवर या. एक चुकलात तर पेटी सांगेल. दोन चुकलात तर मला येऊन सांगा.”

मोठमायनं नुसती मान हलवली.

परतताना साहेब बंडीपुढे पायीच चालत होते. देवाजीनं दोनदा बोलावलं, ते बसले नाहीत. ऊन उतरलं होतं, मंडईचा ढोल मागे राहिला होता. बऱ्याच वेळानं मोठमायनं माझा हात चाचपला.

“साहेब निघाले का व मंग, भितीतून?”

“नाई, मोठमाय. बहिणीच्या घरी गेले.”

“धूळ आली?”

“आली.”

नाल्यात बंडी हेलकावली तेव्हा तिनं एका हातानं मला धरलं आणि दुसऱ्या हाताची बोटं आपल्या गुडघ्यावर फिरवत राहिली, तार ओवताना फिरवायची तशी.

“अनसे,” पवनी जवळ आल्यावर ती म्हणाली, “उद्या त्या देवाजीले म्हण, हाक जराशी दमानं दे. भजनाच्या ठेक्यात पळते मेला.”

“ऐकू आलं, मोठमाय,” देवाजी पुढून म्हणाला.